नटांची आत्मवृत्ते आणि दूरचित्रवाणी

नटाने स्वतःचे चरित्र लिहावे काय, हा प्रश्न मराठीत गणपतराव बोडस यांनी १९४० साली 'माझी भूमिका' प्रसिद्ध करून निकालात काढला. १९४८ मध्ये गोविंदराव टेंबे यांचा 'माझा जीवनविहार' आला, १९५७ मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांचा 'बहुरूपी' आला. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या तिघा भागीदारांपैकी दोघांनी, बोडस व टेंबे यांनी, आपापली बाजू लिहून ठेवली, हे इतिहासकाराचे केवढे भाग्य! त्या रंगभूमीवरचे प्रयोग हवेत विरून गेले; राहिली ती ही पुस्तके.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत अशा साक्षीची गरज काय, असे कोणी म्हणेल. तेथे तर सारे फितीवर उतरलेले असते. परंतु ही समजूत भ्रामक आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्या काळी फीत हा महाग जिन्नस होता, आणि जुने पुसून त्यावरच नवे चित्रित करण्याची चाल इकडेही होती व विलायतेतही होती. पुढे फिती टिकू लागल्या, तेव्हा अडचण उलट दिशेने आली. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली व तिचे भाग तीन हजारांवर गेले. ते सारे पाहून इतिहास लिहावयास बसणारा संशोधक अद्याप जन्मास यावयाचा आहे!

म्हणून या धंद्यातील माणसांनी लिहावयास हवे होते. पण फळी पाहू जावे तर ती बरीचशी रिकामी. दुर्गाबाई खोटे यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. त्यांचे 'मी दुर्गा खोटे' १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांच्याच निर्मितिसंस्थेने आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारलेली 'वागले की दुनिया' दूरदर्शनवर आणली. १९९१ साली बाई वारल्या. ज्या कामाने त्यांच्या संस्थेचे नाव घरोघर गेले, त्याविषयी त्यांचे आत्मचरित्र मुके आहे. कारण ते आधीच लिहून झाले होते.

दिलीप प्रभावळकरांचे 'एका खेळियाने' या दुष्काळात हाती लागते, तेव्हा बरे वाटते. चिं. वि. जोशींचा कागदावरचा चिमणराव ज्यांनी मुंबई दूरदर्शनवर सदेह उभा केला, त्यांनीच आपल्या भूमिकांविषयी लिहावे, हे उचितच झाले. शिवाय त्यांच्या बाबतीत लेखणी व पडदा यांची अदलाबदल दोन्ही अंगांनी झाली: वर्तमानपत्रात लिहिलेल्या त्यांच्या 'अनुदिनी'तूनच 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका निघाली. तथापि हे नटाचे पुस्तक आहे. त्यात भूमिका कशी सापडली हे कळते. दररोजच्या मालिकेचा कारखाना कसा चालतो, संवादांची पाने चित्रणाच्या दिवशीच हाती कशी पडतात, प्रेक्षकसंख्येचा आठवड्याचा आकडा घसरताच कथेची मान कशी पिरगाळली जाते, हे सांगावयास संवादलेखकच पुढे आला पाहिजे.

अमेरिकेतही निराळे नाही. साबणवाल्यांच्या पैशावर नभोवाणीत वाढलेल्या या कथाप्रकाराची जननी अर्ना फिलिप्स. १९३७ साली तिने सुरू केलेली 'गायडिंग लाइट' ही कथा नभोवाणीवरून दूरचित्रवाणीवर गेली व २००९ पर्यंत चालली. पण बाईंचे आत्मवृत्त छापलेच गेले नाही. तिची शिष्या ॲग्नेस निक्सन हिचे पुस्तक निघाले ते २०१७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे १९८४ साली 'हम लोग' लिहिणाऱ्या मनोहर श्याम जोशींनी पटकथालेखनाचे पाठ्यपुस्तक मात्र हिंदीत दिले.

हे मौन का, याचे उत्तर हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'पाशी शोधावे असे मला वाटते. अरुण साधूंनी शब्दांकित केलेली ती हकीकत आधी 'माणूस'मध्ये आली, १९७० साली पुस्तक झाले, व पुढच्याच वर्षी बाई गेल्या. गमावण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या. आजच्या मालिकेतल्या माणसाला उद्याचे काम त्याच वाहिनीकडे मागावयाचे असते. त्यातून मालिका म्हणजे पोटासाठी, नाटक म्हणजे कलेसाठी, असा एक सोवळेपणा आमच्या नटांच्या अंगी आहे. मला तो पटत नाही. बोडसांच्या काळीही तिकिटे विकल्याखेरीज कंपनीच्या चुली पेटत नव्हत्या.

माझे गाव ईट, भूम तालुक्यातले. तेथे माझी वृद्ध आत्या घरातल्या गोष्टींचा काळ मालिकांवरून सांगते. थोरल्या नातवाचा जन्म तिच्या लेखी 'आभाळमाया'च्या दिवसांतला. मागल्या दिवाळीत तिने मला विचारले, "आरं, ती पहिली सून कुठं गेली? आता दुसरीच बाई दिसतीया, अन् समदी तिला जुन्याच नावानं हाका मारत्यात. तू एवढी पुस्तकं वाचतोस, तुला तरी ठाऊक असंल!"

मी घरातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिले. त्यात बोडस होते, टेंबे होते, कोल्हटकर होते. तिला वाचून दाखवावे असे एकही पुस्तक नव्हते.