चौक कागदावर आला तेव्हा

वारल्यांचे चित्र मुळात विकण्यासाठी नव्हते. डहाणू-तलासरीच्या डोंगरपाड्यांवर लग्न निघाले की सवासिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मध्यभागी पालघट देवी, जवळ धवलेरीची गाणी. लग्न संपले की चित्राचे कामही संपले.

1970च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर आले. भाषा मराठीच, तरी माणूस परकाच. बिहारमधील 1966-67च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांनाच मिथिलेत धाडले होते. तेथे भिंतीवरची कला कागदावर आली ती स्त्रियांच्याच हातून. जगदंबा देवींना 1975मध्ये पद्मश्री मिळाली.

माणूस तोच, कागदही तोच; डहाणूत मात्र निराळे घडले. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे लग्नाच्या निमित्ताविना रोज चित्रे काढू लागले. 1976मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011मध्ये पद्मश्री. त्यांची प्रतिभा निर्विवाद. पण माझ्या मते चौक विधीला बांधलेला होता; विधी सुटला आणि स्त्रियांचा अधिकारही सैल झाला. कागदावर तारपा नाच आला, मासेमारीची जाळी आली, पालघट मागे सरली.

2003मध्ये म्हसे यांची चित्रे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कलाकृतींशेजारी मांडली गेली. लग्नघरचा चौक अजूनही सवासिणीच लिहितात. त्याखाली सही नसते.