थंडीचे पैसे कोणाला? ब्रिटनमधली एक योजना आणि तिच्या उसन्या याद्या

कल्याणकारी योजनांवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक विद्यार्थी आधी उद्दिष्टं वाचतात, मग मंत्र्यांची भाषणं. दोन्ही वाचावीतच. पण एक सवय लावून घ्या: योजनेच्या नियमांमधलं पात्रतेचं कलम शोधा आणि विचारा, ही यादी सरकारने नव्याने केली की दुसऱ्या कुठल्या कामासाठी तयार असलेली उचलली? ‘मदतीला लायक कोण’ हा वाद वर्तमानपत्रांत नैतिक भाषेत चालतो, आणि त्याचा निकाल मात्र बऱ्याचदा कुठल्या दफ्तरात कोणती यादी हाताशी होती यावर लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे. त्यासाठी ब्रिटनमधल्या ‘विंटर फ्युएल पेमेंट’चं उदाहरण घेते, म्हणजे हिवाळ्यात घर उबदार ठेवायला म्हाताऱ्या माणसांना मिळणारे पैसे.

आपल्याकडे थंडी म्हणजे शेकोटी आणि गोधडी. तिकडे मात्र घर गरम ठेवणं हा भाडं आणि किराण्याइतकाच ठरलेला खर्च आहे. बहुतेक घरांत गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतात. पैसे कमी पडले तर लोक एकाच खोलीत राहतात किंवा हीटिंग बंद ठेवतात, आणि थंड घरात म्हाताऱ्यांच्या हृदयाचे आणि श्वसनाचे आजार बळावतात.

१९९३ साली हुजूर पक्षाच्या सरकारने घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर लावायचं जाहीर केलं. १९९४ च्या एप्रिलपासून ८ टक्के लागू झाला. तो १७.५ टक्क्यांवर न्यायचा बेत मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेत हरला. वीज-गॅसचं बिल आणि म्हातारे हा विषय असा तापलेला असताना १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. आधी कर ५ टक्क्यांवर आणला, आणि नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी पेन्शनरांच्या घरांना हिवाळ्यासाठी २० पौंड जाहीर केले, अगदी गरिबांना ५०. पुढे रक्कम १०० झाली, मग २००, आणि ८० च्या पुढच्यांना ३००. मूळ सरकारी पेन्शन २००० च्या एप्रिलमध्ये आठवड्याला फक्त ७५ पेन्सने वाढली होती आणि लोक भडकले होते. थंडीचे पैसे वाढवण्यामागे तो रागही होता.

आता कलमाकडे या. पैसे कोणाला? ज्याने पेन्शनचं वय गाठलंय त्याला. उत्पन्न विचारायचं नाही, अर्ज बहुतेकांना करावा लागायचा नाही, पैसे आपोआप खात्यात. हे जमलं कारण पेन्शनरांची यादी आधीपासून तयार होती.

पण उसनी यादी घेतली की तिच्यातला वाकडेपणाही घरी येतो. तेव्हा ब्रिटनमध्ये पेन्शनचं वय बायकांसाठी ६० आणि पुरुषांसाठी ६५ होतं. त्यामुळे ६२ वर्षांच्या बाईला पैसे मिळत, त्याच वयाच्या पुरुषाला नाही. एक निवृत्त टपाल कर्मचारी या भेदाविरुद्ध कोर्टात गेले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. तिथला ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद नीट वाचा, विद्यार्थ्यांसाठी तो सोन्याचा तुकडा आहे. सरकार म्हणालं, ही योजना म्हातारपणासाठी नाहीच, ती आर्थिक गरजेसाठी आहे. म्हणून वयाशी जोडलेल्या लाभांत स्त्री-पुरुष समानता मागणारा युरोपीय नियम इथे लागत नाही. न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये ते फेटाळलं. पैसे तर सधन म्हाताऱ्यांनाही मिळतात, मग गरज हा हेतू कसा? योजना म्हातारपणाचीच. निकालानंतर वय सगळ्यांसाठी ६० झालं, आणि त्यामुळे नोकरीत असलेल्या, बऱ्या पगाराच्या साठीतल्या पुरुषांनाही हीटिंगचे पैसे मिळू लागले. असं व्हावं अशी मागणी कोणीच केली नव्हती.

इथे सिद्धांताचं थोडं बोलू. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे रिचर्ड टिटमस १९६० च्या दशकात मांडत होते की फक्त गरिबांसाठी ठेवलेली सेवा हळूहळू दर्जाने घसरते आणि घेणाऱ्याला लाजेची वाटते. सगळ्यांना दिली तर ती टिकते. उलट बाजू म्हणते, लक्षाधीशाला हीटिंगचे पैसे कशाला? या भांडणाचं मूळ जुनं आहे. १९०८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पहिली सरकारी पेन्शन आली तेव्हा वय ७० हवं होतं, उत्पन्नाची मर्यादा होती, आणि वर वागणुकीची अटही: अंगात बळ असून काम टाळत आलेल्याला पेन्शन नाही. गरजू आणि लायक हे दोन शब्द तिथे एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि पुढे ते कधी पुरते सुटे झालेच नाहीत.

आपल्या वाचकांना हे परकं वाटू नये. ज्या १९९७ मध्ये ब्रिटनने सगळ्या पेन्शनरांना एका रांगेत आणलं, त्याच वर्षी भारताने रेशन दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असं विभागलं. रेषा आखली की दोन चुका होणारच: नको तो आत येतो, हवा तो बाहेर राहतो. पिवळं कार्ड की केशरी, या वादात ज्यांनी तहसील कचेरीचे खेटे घातलेत त्यांना दुसरी चूक पुस्तकातून शिकावी लागत नाही.

मधल्या काळातली एक गंमत. युरोपात स्थायिक झालेल्या काही ब्रिटिश पेन्शनरांनाही हे पैसे मिळत. स्पेनच्या उन्हात बसलेल्यांना हीटिंगचा खर्च का द्यायचा, अशी ओरड झाली. मग २०१५ च्या हिवाळ्यापासून तापमानाची अट आली: ज्या देशाचं हिवाळ्यातलं सरासरी तापमान इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागापेक्षा जास्त, तो बाद. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस बाद झाले. फ्रान्सही बाद झाला! कारण फ्रान्सच्या सरासरीत कॅरिबियनमधलं ग्वादेलूप आणि हिंदी महासागरातलं रियुनियन यांसारखे उष्ण प्रदेश धरले होते. आल्प्सच्या पायथ्याशी कुडकुडणारा म्हातारा अशा रीतीने कागदावर नारळाच्या झाडाखाली जाऊन बसला.

हे पैसे खरंच इंधनावर जातात का? खर्चाच्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. नुसतं उत्पन्न वाढलं असतं तर त्यातले जेमतेम ३ टक्के इंधनावर गेले असते. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मे गेले. म्हणजे नावाचा परिणाम होतो. ‘सरसकट पैसे वाटणं’ अशी टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, पण यातून ते गरजूलाच मिळतात हे सिद्ध होत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि चर्चेत ते सतत एक केले जातात.

आता २०२४. पुन्हा मजूर पक्ष, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज. २९ जुलैला त्यांनी जाहीर केलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये पैसे यापुढे मुख्यतः पेन्शन क्रेडिट घेणाऱ्यांनाच मिळतील. पेन्शन क्रेडिट म्हणजे अगदी कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी पूरक रक्कम. लाभार्थी १ कोटीच्या वरून १५ लाखांवर येणार होते. १० सप्टेंबरला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये हा बदल रद्द करण्याचा ठराव ३४८ विरुद्ध २२८ मतांनी पडला.

ही यादी का निवडली? तयार होती म्हणून. हिवाळा तोंडावर होता, नवी पाहणी करायला वेळ नव्हता. पण तिच्यात दोन भोकं होती. पहिलं, पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा ते घेतच नाही. अर्ज लांबलचक, काहींना माहिती नाही, काहींना मागायची लाज वाटते. ती लाज काल्पनिक नाही. घराघरांत शिरून उत्पन्न तपासणाऱ्या १९३० च्या दशकातल्या ‘मीन्स टेस्ट’ची आठवण तिथल्या कामगार वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घोषणेनंतर अर्ज दुपटीहून जास्त वाढले, तरी भोक बुजलं नाही.

दुसरं भोक आकड्यांत आहे. त्या वर्षी एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मूळ मर्यादा आठवड्याला २१८.१५ पौंड होती. नवी सरकारी पेन्शन पूर्ण मिळणाऱ्याला आठवड्याला २२१.२० पौंड मिळत. वजाबाकी करा: ३ पौंड ५ पेन्स. दुसरं काही उत्पन्न नसलेला, नुसत्या सरकारी पेन्शनवर जगणारा माणूस साधारणपणे या ३ पौंडांमुळे यादीबाहेर, आणि त्याचे २०० किंवा ३०० पौंड पूर्ण गेले. टप्प्याटप्प्याने कमी नाही, एकदम शून्य. माझ्या मते पूर्ण वादातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही वजाबाकी आहे, आणि भाषणांत ती क्वचितच सापडते. श्रीमंत पेन्शनरला पैसे का द्यायचे, या प्रश्नाचं उत्तर शोधताना कात्री त्याच्यापासून फार खाली चालली. नोव्हेंबरमध्ये सरकारच्याच अंदाजाने सांगितलं की या बदलामुळे पुढच्या वर्षांत ५० हजार ते १ लाख जास्तीचे पेन्शनर सापेक्ष दारिद्र्यात जातील.

जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. आता ३५ हजार पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना पैसे, त्यावरच्यांनाही आधी मिळणार पण करखातं ते परत वसूल करणार. म्हणजे पुन्हा नवी यादी केली नाही. पेन्शन क्रेडिटची सोडून कराची उचलली. ब्रिटनमध्ये आयकर नवरा-बायकोचा वेगवेगळा मोजतात, म्हणून मर्यादाही माणशी आहे. दोघांचे प्रत्येकी ३४ हजार, घरात ६८ हजार येत असतील तरी पैसे राहतात. एकटी राहणारी विधवा ३६ हजारांवर असेल तर परत जातात. बिल तर घराला येतं, माणसाला नव्हे.

या विषयावर काम करायचं असेल तर संसदेतल्या चर्चेचे वृत्तांत, नियमांसोबत छापलेली स्पष्टीकरणपत्रं आणि न्यायालयाचे निकाल एकत्र ठेवून वाचा, आणि प्रत्येक वेळी यादी कोणाकडून आली ते समासात लिहा. वयाची रेषा तरुणांना कशी बाहेर ठेवते, थंड घरात तान्हं बाळ असलेल्या आईला इथे जागा का नाही, यावर अजून बरंच लिहिता येईल. २०२५ च्या बदलाबद्दल एक बारीक गोष्टही नोंदवून ठेवा: तो मागच्या हिवाळ्याला लागू केला नाही. ३ पौंड ५ पेन्सने राहिलेल्यांना २०२४-२५ च्या थंडीचे पैसे नंतरही मिळाले नाहीत.