गाविलगड, 15 डिसेंबर 1803

परतवाड्याहून चिखलदऱ्याची सकाळची एसटी पकडा. घाट लागला की खिडकीतून येणारा वारा बोचायला लागतो, सागाच्या रानातून वळणं वर चढत जातात, आणि थोड्याच वेळात तुम्ही समुद्रसपाटीपासून 1,100 मीटर उंचीवर पोचता. आता ही बस इथंच, गाविलगडाजवळ, सोडा.

7 डिसेंबर 1803. तुम्ही खाली अचलपूरला आहात, इंग्रज कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेत मद्रासी पलटणीचे शिपाई. आठच दिवसांपूर्वी, 29 नोव्हेंबरला, अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली. तिच्यातलं उरलंसुरलं पायदळ गाविलगडात शिरलंय. दक्षिणेकडून गडावर नुसते कडे. गड घ्यायचा तर उत्तरेकडून, म्हणजे सगळा डोंगर वळसा घालून. सुमारे 30 मैल.

तुमच्या खांद्यावर दोर आहे आणि दोराच्या टोकाला तोफ. आधी झाडं तोडायची, धोंडे हलवायचे, वाट करायची, मग ओढायचं. बैलांचं इथं काही चालत नाही. नाल्यात उतरताना तोफ अंगावर येते म्हणून सगळे मागं रेलता. चढावर छाती जमिनीला लागेस्तोवर पुढं वाकता. रात्री मेळघाटची थंडी. सकाळी पुन्हा दोर.

12 तारखेला तुम्ही लबाडा गावाशी पोचता. रात्रीच मोर्चे बांधले जातात आणि 13 ला तोफा सुरू होतात. दक्षिणेकडून इंग्रजांचा सेनापती वेलस्लीही मारा करतोय, पण भगदाडं पडतात ती तुमच्याच बाजूला.

15 ची सकाळ, दहाचा सुमार. तटातून आत घुसता आणि पाय थबकतात. गड संपलेलाच नाही! हा बाहेरचा किल्ला. समोर खोल घळ आणि पलीकडे दुसरा तट. तिथं भोसल्यांचा सेनानी बेनीसिंग आपल्या राजपुतांनिशी उभा आहे. हल्ल्याचं नेतृत्व करणारा केनी जखमी होऊन पडतो. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी घळ ओलांडून शिड्या लावते, तटावर चढते आणि आतून दरवाजा उघडते. पुढं जे होतं ती लढाई नव्हे, कत्तल. बेनीसिंग आणि किल्लेदार दोघंही लढता लढता पडतात. किल्ल्याचे दोन तट, पण दोन्ही एकाच दिवशी गेले.

दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. कटक इंग्रजांकडे गेलं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड इंग्रजांच्या बाजूच्या निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांना परत. पुढं 1853 मध्ये निजामानं तोच वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. वऱ्हाडातल्या कुणब्याला, कोरकूला यातलं काहीच कुणी विचारलं नाही. आणि ज्या तोफांनी हे घडवलं, त्या वर आणणारे खांदे बहुतेक आपल्याच देशातल्या माणसांचे होते. मला या गडाची हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते.

वेलस्ली पुढं वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला. त्याच्या चरित्रांत गाविलगड सापडतो. आपल्या सहलींत मात्र देवी पॉइंट, भीमकुंड, भाजलेलं कणीस आणि संध्याकाळी परत, एवढंच असतं. तसं करू नका. चिखलदऱ्याला एकच दिवस असेल तर त्यातली सकाळ गडाला द्या, बाहेरच्या किल्ल्यातून त्या घळीपर्यंत चालत जा आणि मुलांना 1803 ची गोष्ट तिथं उभं राहून सांगा.