‘प्लेटो’ प्रणाली आणि विद्यार्थ्याचे अवधान

ऑनलाईन शिक्षणात महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे लक्ष कितपत राहते, हा प्रश्न २०२० च्या महासाथीने निर्माण केला, अशी समजूत आता रूढ होत आहे. इतिहासदृष्ट्या ती ग्राह्य नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिकविण्याची प्रणाली सुरू केली, तेव्हाच तो उपस्थित झाला होता.

व्याख्यानात प्रश्न विचारला असता एखादाच विद्यार्थी उत्तर देतो आणि इतर सारे सुटतात. यंत्रापुढे मात्र उत्तर दिल्यावाचून कोणासच पुढे सरकता येत नाही. पाठांची रचना मुख्यत्वे ह्याच तत्त्वावर झाली. आरंभी ‘इलियाक’ संगणकाला एकच विद्यार्थी जोडता येई. १९७२ च्या चौथ्या आवृत्तीत नारिंगी प्रकाशाचा, बोटाचा स्पर्श ओळखणारा सपाट पडदा आला आणि पुढे सुमारे १,००० टर्मिनले ह्या प्रणालीला जोडली गेली.

पाठ लिहिण्यासाठी पॉल टेन्झार ह्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९६७ मध्ये ‘ट्यूटर’ ही संगणकभाषा रचली. भाषाभ्यासकाने तिची अवश्य दखल घ्यावी. अपेक्षित उत्तर नोंदविताना शिक्षक त्यातील वैकल्पिक शब्द एका प्रकारच्या कंसात आणि समानार्थी शब्द दुसऱ्या प्रकारच्या कंसात देई. त्यामुळे ‘काटकोन त्रिकोण’ आणि ‘हा एक काटकोन त्रिकोण आहे’ ह्या धर्तीची दोन्ही उत्तरे यंत्र स्वीकारी. शब्दाचे लेखन चुकले तर तेवढाच शब्द ते खुणेने दाखवी. ह्याला आकलन म्हणता येणार नाही. ही मान्य शब्दक्रमाशी घातलेली जुळणी होय.

ह्या साऱ्याचे फलित काय? राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ने कम्युनिटी कॉलेजांतील वापराचे परीक्षण केले. १९७७ च्या अहवालानुसार विद्यार्थी व शिक्षक यांची प्रणालीविषयीची भावना अनुकूल होती. परंतु गुणांवर किंवा अभ्यासक्रम सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणावर तिचा सातत्याने दिसणारा परिणाम आढळला नाही.

मराठीत ‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष लागणे’ हे दोन निराळे प्रयोग आहेत. पहिल्यात विद्यार्थी कर्ता असतो व त्याला आज्ञा करता येते. दुसऱ्यात लक्ष हाच कर्ता. ‘लक्ष लाग’ अशी आज्ञा होत नाही. प्लेटोचे पाठ विद्यार्थ्याला लक्ष देण्यास भाग पाडीत, एवढे निश्चित. आजच्या प्रणाल्याही उपस्थितीचे मिनिट आणि बटण दाबल्याच्या नोंदी मोजतात. त्याही दिलेल्या लक्षाच्याच.

लक्ष लागले ते अनपेक्षित ठिकाणी. १९७३ मध्ये प्रणालीतील दोष कळविण्याची सोय करावी म्हणून डेव्हिड वूली ह्या सतरा वर्षांच्या तरुणाने ‘नोट्स’ हा कार्यक्रम लिहिला. त्यात घोषणा, साहाय्य व सार्वजनिक टिपणे असे तीन विभाग होते. प्रत्येक टिपणाखाली इतरांना उत्तरे जोडता येत आणि पाहता पाहता तेथे चर्चा वाढू लागल्या. त्याच वर्षी डग ब्राउन यांचा ‘टॉकोमॅटिक’ आला. त्यात दुसऱ्याने टंकित केलेले अक्षर तत्क्षणी पडद्यावर उमटे. संवादात्मक ग्रंथांच्या कर्त्याचे नाव मिरविणाऱ्या ह्या प्रणालीत माणसामाणसांतील संवाद असा तेरा वर्षांनी आला. १९७६ मध्ये ‘नोट्स’चे विषयवार गट झाले. पुढे पुस्तके, चित्रपट, संगीत, धर्म ह्यांवरही गट निघाले, आणि पाठात अडलेला नवखा वापरकर्ता अनोळखी माणसाकडून उत्तर मिळवू लागला.

सप्टेंबर १९७८ ते मे १९८५ ह्या काळात इलिनॉयच्या केंद्रावर वापरकर्त्यांचे सुमारे एक कोटी तास नोंदले गेले. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश ‘नोट्स’मध्ये गेले. तेथे कोणाची हजेरी घेतली जात नव्हती.