चाड्यावरची मूठ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील श्रमरूपकांविषयी

पेरणाऱ्याचा दाखला मराठीत प्रथम आला तेव्हा त्यातील पेरणाऱ्याच्या हातात नेमके काय होते, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात सहसा विचारला गेलेला नाही. सेरामपूरचा मोडी लिपीतील नवा करार 1811 चा. अमेरिकन मिशनचा मुंबईत छापलेला नवा करार 1826 चा. या भाषांतरांची चर्चा शब्दनिवड, व्याकरण आणि मुद्रण या अंगांनी झाली. परंतु दाखल्यातील कृती ज्या श्रोत्यांपुढे सांगितली जात होती, त्यांची स्वतःची पेरणी कशी होती याकडे लक्ष गेले नाही. मूळ दाखल्यातील पेरणारा बी फोकतो. काही वाटेवर पडते, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत, काही सुपीक जमिनीत. पॅलेस्टाइनमध्ये बी आधी विखुरत आणि मग नांगर फिरवीत, म्हणून वाटेवर बी पडण्यात हलगर्जी नाही, असा खुलासा योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने 1947 च्या ग्रंथात केला. 1964 मध्ये के. डी. व्हाइट यांनी शेतीच्या इतिहासाचा आधार घेऊन त्यावर आक्षेप घेतला. वाद तांत्रिक वाटतो, पण दाखल्याचा सारा अर्थ त्यावर तोललेला आहे. पेरणारा निष्काळजी ठरला तर दाखला एक होतो, आणि रीतच तशी असली तर दुसरा.

दख्खनच्या पठारावर ज्वारी-बाजरीची पेरणी पाभरीने किंवा तिफणीने होई. बैल पाभर ओढतात; मागून चालणारी व्यक्ती, पुष्कळदा घरातील बाई, चाड्यावर मूठ धरते आणि बोटांच्या फटीतून बी सोडत राहते. चाड्यातून नळ्यांत, नळ्यांतून फणांच्या मागे पडलेल्या तासात असा बियाचा प्रवास होतो. वाटेवर बी पडण्याची सोयच या अवजारात नाही. फोकून पेरण्याची रीत दख्खनला अगदीच अपरिचित नव्हती, परंतु जिच्यावर वर्षाचे धान्य अवलंबून ती पेरणी मोजून-मापून सोडलेल्या मुठीची होती. अशा श्रोत्याला मूळ दाखल्यातील पेरणारा उदार वाटण्यापेक्षा उधळ्या वाटण्याचा संभव अधिक. जो माणूस बियाण्यासाठी सावकाराच्या दारात उभा राहिला आहे, त्याने वाटेवर पडलेले दाणे पाखरांनी टिपल्याचे ऐकून काय समजायचे?

कोकण-गोव्याकडे उतरले की हीच कृती पुन्हा ओळखीची होते. भाताचे बी राबात फोकतात, मग तरवा उपटून लावतात. साष्टीच्या खाजनांतही विखरून पेरण्याची रीत होती. एकाच दाखल्याला सह्याद्रीच्या दोन अंगांना दोन वेगळे श्रोते लाभले, असे म्हणावे लागते. खमिराचेही तसेच. गोव्यात पावाचे पीठ माडाच्या सुरेने आंबवीत, त्यामुळे थोड्याशा आंबवणाने सारे पीठ फुगते हा दृष्टान्त तेथे स्वयंपाकघरातला होता. घाटावरच्या भाकरीला खमीर लागत नाही. मराठी बायबलात रुळलेला ‘खमीर’ हा शब्द मुळात अरबी. गावच्या चुलीपाशी त्याच्या जवळचा शब्द विरजण हा होता, पण तो दुधाचा.

‘दृष्टान्त’ हा प्रकार मराठीला मिशनऱ्यांनी दिला नाही, हे सांगण्याची गरज नसावी. चक्रधरांच्या दृष्टान्तांना केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त जी बांधणी दिली, तिच्यात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगे आहेत. यांपैकी तिसरे अंग, म्हणजे दृष्टान्ताचे तत्त्वाशी जुळवून दाखवलेले नाते, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जुन्या ग्रामीण जीवनात, शेतीत आणि कारागिरीत श्रद्धेचे पाठ शोधणारे लेखन असे गृहीत धरते की पाठ कामातच दडलेला असतो. पाहणाऱ्याने तो फक्त उचलायचा. दार्ष्टान्तिकाचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. काम तेच राहते आणि ते कोण कोणासाठी करतो यानुसार पाठ बदलतो. कधी कधी पाठ निघतच नाही.

ख्रिस्ती परंपरेत कारागिरीचा दार्ष्टान्तिक फार जुना आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने त्रिफोशी झालेल्या संवादात येशू सुतारकाम करीत असताना नांगर आणि जू घडवीत असे, असे म्हटले आहे. त्या वस्तूंतून तो धार्मिकतेची आणि उद्योगी जीवनाची शिकवण देई, हेही जस्टिनच सांगतो. शुभवर्तमानात येशूने जू घडवल्याचा उल्लेख नाही. तेथे तो आपले जू घ्यायला सांगतो, एवढेच. जस्टिनने रूपकाच्या मागे कार्यशाळा उभी केली.

हा तुकडा मराठी गावात ठेवून पाहण्यासारखा आहे. नांगर, कुळव, पाभर, जू घडवणे आणि दुरुस्त करणे हे तर गावच्या सुताराचे बलुत्याचे काम. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. बलुतेदारीचे इतके जवळून केलेले वर्णन त्यापूर्वी मराठीत क्वचितच आढळते. बलुत्यांच्या याद्या गावोगाव थोड्या निराळ्या असल्या तरी सुतार, लोहार आणि महार बहुधा पहिल्या ओळीत येतात. म्हणजे नासरेथचा सुतार मराठीत आला तो नुसता कारागीर म्हणून आला नाही. ‘सुतार’ या शब्दाबरोबर त्याला जात मिळाली, गावात जागा मिळाली, खळ्यावरचा वाटा मिळाला. मार्काच्या शुभवर्तमानात गावकरी त्याला सुतार म्हणतात ते हिणवून. मराठी वाचकाला ते हिणवणे समजावून सांगावे लागत नाही. जू मात्र कोणत्याही टीपेशिवाय मराठीत रुजले, कारण शिवळा, जोते आणि बैलाच्या मानेवरचा घट्टा या सर्वांसकट ते येथे होतेच. साधनांच्या पातळीवर ख्रिस्ती दृष्टान्त मराठीत इतका सहज सामावला, याचे श्रेय भाषांतरकारांइतकेच गावच्या सुताराला द्यावे लागेल.

अडचण साधनाच्या पलीकडे सुरू होते. वारकरी परंपरेने कारागिरीच्या दार्ष्टान्तिकाची वाट आधीच रुळवून ठेवली होती. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या नावावरील अभंगांत चाक, मळा, मूस, आरसा हे व्यवसायाचे साहित्य भक्तीची भाषा होते. चोखामेळ्याजवळ असे अवजार नाही. त्याच्याकडे आहे ते गावकीने लादलेले काम, आणि तो तेच देवाच्या दारी नेतो. आपण देवाच्या महारांचेही महार, उष्ट्याच्या आशेने आलो, असे म्हणतो. सावत्याच्या मळ्याचे रूपक आणि चोख्याच्या महारकीचे रूपक ही एकाच जातीची रूपके म्हणून शिकवली जातात, ही मराठी अध्यापनाची जुनी सवय आहे. पहिल्यात श्रम भक्तीत रूपांतरित होतो. दुसऱ्यात रूपांतर होऊ पाहते ती सक्ती, आणि रूपक तिथे कण्हते.

अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत धर्मांतरितांचा मोठा भाग महार समाजातून आला होता. त्यांच्या दृष्टीने ‘जुने ग्रामीण जीवन’ म्हणजे वेसकरी, सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला त्यांनी ऐकला असेल तेव्हा त्यातील कोणती गोष्ट त्यांना नवी वाटली असेल? धर्मशास्त्री भर देतात तो शेवटी आलेल्या मजुरालाही पूर्ण दाम मिळण्यावर. पण दाखल्याची सुरुवात ठरावाने होते. मालक आणि मजूर दिवसाच्या दामावर आधी बोलतात. बलुत्यात हे बोलणे नाही. काम आधी ठरलेले, जन्माने ठरलेले; आणि मोबदला खळ्यावर उभे राहून मागायचा, देणाऱ्याच्या मर्जीने घ्यायचा. देवाच्या कृपेचा दाखला म्हणून सांगितलेली ही कथा बलुतेदाराला कराराची कथा म्हणूनही ऐकू येऊ शकते. या वाचनाचा मागमूस प्रवचनांच्या छापील वाङ्मयात फारसा सापडत नाही, कारण ते वाङ्मय बहुधा ज्यांनी लिहिले ते बलुत्याच्या रांगेत उभे राहिलेले नव्हते. 1978 मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले. धर्मांतरितांच्या पिढ्यांनी जे बोलून दाखवले नव्हते ते मराठी वाङ्मयात वेगळ्या वाटेने आले.

बोलून दाखवणारे बहुधा वेगळ्या थरातले होते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी रचलेले, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. त्यातील मराठीच्या स्तुतीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. तेथील उपमानमालेत रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष, नक्षत्रे आहेत, हत्यार एकही नाही. अलंकारपरंपरेचा हा संकेत आहे, त्याबद्दल स्टीफन्सला दोष देणे अप्रस्तुत ठरेल. परंतु त्याने 1583 च्या ऑक्टोबरात आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रातही अशीच दृष्टी दिसते. माडापासून तेल, सुरा, गूळ, शिर्का, काथ्याचे दोर, छपराची झावळी असे काय काय मिळते याची त्याने हौसेने यादी दिली आहे. तिच्यात देणारा दिसतो तो माड. त्यावर पहाट-संध्याकाळ चढणाऱ्या रेंदेराला त्या औदार्याच्या यादीत जागा नाही. हे पत्र कुंकळ्ळीच्या जुलैमधील रक्तपातानंतर अवघ्या तीन महिन्यांनी लिहिलेले आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. गावाची जमीन, देवस्थानाचे उत्पन्न आणि गावकारीचे हक्क यांवरून साष्टी पेटलेली असताना माड मात्र शांतपणे देत राहतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (1861–1919) उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आल्याचे स्वतःच सांगे. ‘अभंगांजली’त त्याने ख्रिस्ती उपासनेला अभंगाचा घाट दिला आणि नगरच्या साध्या मंडळ्यांना गाता येईल अशी भाषा दिली. हे काम फार मोठे आहे. तरीही फुलामुलांचा कवी ही त्याची ख्याती उगीच झालेली नाही. टिळकांच्या कवितेत गाव येते ते बहुतांशी निसर्ग होऊन. कोकणातील ब्राह्मण घरात जन्मलेल्या कवीला रानफुलात ईश्वर दिसणे सोपे होते. त्याच रानातून मोळी आणणाऱ्याला ते किती सोपे होते, हा प्रश्न त्यांच्या कवितेच्या कक्षेबाहेर राहतो. तुकोबांच्या पुलावरून जाताना तुकोबांचे दुकान आणि बुडालेले कर्जखत काठावर राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये उलट दिशेचा प्रवास चालू होता. एरिक गिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1920 मध्ये डिचलिंग येथे संत योसेफ व संत डॉमिनिक यांच्या नावाने कारागिरांचा संघ स्थापला. हातमाग, दगडकाम, हातछपाई आणि शेती यांतून कॅथलिक जीवन पुन्हा सलग करावे ही त्यामागची प्रेरणा. गिलवर आनंद कुमारस्वामींचा प्रभाव होता. कुमारस्वामींच्या 1914 च्या ‘विश्वकर्मा’ या चित्रसंग्रहाची प्रस्तावना गिलने लिहिली. कुमारस्वामींच्या 1909 च्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या पुस्तकात वंशपरंपरेने काम करणारा, गावाने पोसलेला भारतीय कारागीर आदर्श म्हणून उभा आहे. म्हणजे यंत्रयुगाला कंटाळलेल्या इंग्रज ख्रिस्ती कारागिरांना ज्या व्यवस्थेत श्रद्धा आणि श्रम यांची एकरूपता दिसत होती, जवळजवळ त्याच व्यवस्थेतून नगरचे ख्रिस्ती आपली मुले मिशनच्या उद्योगशाळांत पाठवून बाहेर पडू पाहत होते. त्या शाळांतही सुतारकाम, विणकाम होते. फरक इतकाच की तेथे ते शिकता येत असे, जन्माने चिकटत नसे. सुताराच्या घरात न जन्मलेल्या मुलाने रंधा हाती घेणे याचा जो अर्थ मराठी गावात होतो, तो डिचलिंगमध्ये होऊच शकत नाही.

मराठी समीक्षेने ख्रिस्ती वाङ्मयाला जेव्हा जेव्हा जवळ केले तेव्हा त्याच्या ‘मातीशी असलेल्या नात्या’ची वाखाणणी केली, देशीयतेच्या चर्चेनंतर ती अधिकच झाली. ख्रिस्ताला ओवी-अभंगात, शेतमळ्यात पाहणे हे परक्या धर्माच्या देशीकरणाचे लक्षण मानले गेले. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. देशी होणे म्हणजे येथल्या मातीबरोबर येथल्या बलुत्याची उतरंडही स्वीकारणे असेल, तर धर्मांतरिताने त्या रूपकांपासून राखलेले अंतर हीसुद्धा एक वाङ्मयीन कृती मानावी लागते. पेरणी, मळा, जू, कुंभाराचे चाक यांविषयी भरभरून बोलणाऱ्या परंपरेत पड ओढण्याविषयी, वेशीवर जागण्याविषयी मौन आहे. त्या मौनाला साधेपणा समजणे ही समीक्षेची सोय आहे.

केडगावच्या मुक्तिसदनाचा इतिहास या संदर्भात थोडा वेगळा उलगडतो. पंडिता रमाबाईंनी तेथे जमीन घेतली, विहिरी खणल्या, मळा केला. दुष्काळातून आलेल्या आणि टाकलेल्या स्त्रिया शेती, विणकाम, तेल गाळणे अशी कामे शिकल्या. जुन्या गावातील ही बहुतेक सर्व कामे तेथे होती, पण ती कोणत्या जातीने करायची हे ठरवणारी चावडी नव्हती. आणि छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे सोप्या मराठीतील भाषांतर 1922 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पुरे झाले आणि 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे सदनातील स्त्रियांनी जुळवले. पेरणाऱ्याचा, खमिराचा, मजुरांचा असे सगळे दाखले त्यांच्या बोटांखालून उलट्या अक्षरांत गेले. जुळाऱ्याच्या कामावर बायबलात दाखला नाही, आणि गावगाड्यात त्याला बलुतेही नव्हते.