नोस्फेरातू : एक भय, दोन शेवट

१) ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये 'नोस्फेरातू' या मूक भयपटाचा जर्मनीतील प्रीमियर झाला. १९७९ मध्ये वेर्नर हर्झोग यांनी त्याचा रिमेक केला. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यास प्रसंगामागून प्रसंग ओळखीचे वाटतात. शेवट मात्र पार बदललेला आहे. मधल्या ५७ वर्षांत जर्मनीने जे पाहिले, त्याचा ठसा या बदलावर आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२) आधी एक गंमत : ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, तोच विनापरवाना रूपांतर होता. ब्राम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. प्राना-फिल्म या संस्थेने हक्क न घेताच तीवर चित्रपट काढला. दिग्दर्शक होते एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. ड्रॅक्युलाचा 'काउंट ऑरलॉक' झाला, तर लंडनच्या जागी विस्बोर्ग हे काल्पनिक जर्मन गाव आले. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स न्यायालयात गेल्या. १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या, म्हणून हा चित्रपट आज आपल्याला पाहता येतो.

३) कथा अशी : ऑरलॉक जहाजातून गावात येतो आणि त्याच्यासोबत उंदीर व प्लेग येतात. रस्त्यातून शवपेट्यांची रांग सरकते. १९२२ च्या प्रेक्षकाला हे दृश्य परके नव्हते. पहिल्या महायुद्धात सुमारे २० लाख जर्मन सैनिक मरण पावले होते. पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. अखेर एलेन स्वतःचा जीव देऊन ऑरलॉकला पहाटेपर्यंत रोखून धरते. सूर्यकिरण पडताच तो विरून जातो आणि साथ थांबते. उन्हाने होणारे हे मरण कादंबरीत नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो.

४) १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. चित्रपट-समीक्षक लोटे आयस्नर आणि सीगफ्रीड क्राकाउअर या दोघांनाही देश सोडावा लागला. क्राकाउअर यांनी १९४७ मध्ये मांडले, की हिटलरपूर्व जर्मन चित्रपटांतील जुलमी पात्रांत त्या समाजाच्या मनाचा कल दिसत होता. विचार मोहक आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहावे. पुढे काय घडले हे आपल्याला माहीत आहे. मुर्नाऊंना ते माहीत नव्हते.

५) हर्झोग यांना मात्र ते पुरते ठाऊक होते. त्यांचा जन्म १९४२ चा. आपल्या पिढीला चित्रपटांच्या बाबतीत वडील नव्हते, म्हणून आजोबांकडे वळावे लागले, असे ते सांगत आले. मुर्नाऊ हे त्या आजोबांपैकी एक. आजोबा आणि नातू यांच्यामधला दुवा म्हणजे आयस्नर. १९७४ मध्ये त्या आजारी पडल्या, तेव्हा हर्झोग म्युनिकहून पॅरिसपर्यंत चालत त्यांच्या भेटीस गेले होते.

६) आता फरक पाहा. मॅक्स श्रेक यांचा ऑरलॉक हा निव्वळ परका प्राणी आहे. क्लाउस किन्स्की यांचा ड्रॅक्युला दिसायला तसाच, पण मरण येत नाही म्हणून थकलेला आणि प्रेमासाठी आर्जव करणारा आहे. नायिका लुसी चौकात जाऊन लोकांना संकटाचे मूळ सांगू पाहते; कोणी ऐकत नाही. प्लेगच्या छायेत लोक नाचतात आणि उंदरांच्या गराड्यात मेजवानी मांडतात.

७) आणि शेवट! लुसी प्राण देते, ड्रॅक्युलाही संपतो, पण दुष्टता संपत नाही. तिचा पती जोनाथन आता स्वतःच पिशाच झालेला आहे. तो घोड्यावर बसून निघून जातो. बाहेरून आलेले संकट घरातल्याच माणसाचा चेहरा घेऊन पुढच्या प्रवासाला लागते.

८) त्याच १९७९ च्या जुलैत पश्चिम जर्मनीच्या संसदेने खुनाच्या गुन्ह्यासाठी असलेली खटल्याची कालमर्यादा रद्द केली. नाझी काळातील खुन्यांना केवळ वर्षे लोटली म्हणून सोडायचे का, हा त्या वादाचा गाभा होता. चित्रपट या कायद्यावर नाही आणि त्यात हिटलरचे नावही नाही. तरीही एका माणसाच्या मरणाने सारे मिटते, यावर विश्वास ठेवणे त्या समाजाला आता अवघड झाले होते. शेवटाचा हा अर्थ माझा आहे. तुम्ही तो जरूर तपासून पाहा.

९) म्हणून रिमेक पाहताना 'जास्त भीतिदायक कोणता?' एवढ्यावर थांबू नये. काय बदलले आणि कोणत्या काळात बदलले, हे विचारावे. २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स यांचा 'नोस्फेरातू' आला. त्यात पहाट पुन्हा ऑरलॉकचा अंत करते. शंभर वर्षांनी तो जुना शेवट का परतला असावा? तुमची उत्तरे खाली लिहा.