अश्वशक्तीचा आकडा आणि विश्वासार्हतेचा प्रश्न : डायनॅमोमीटरवरील शक्तिमापनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अमेरिकेत पिकअप ट्रक हे केवळ मालवाहू वाहन राहिलेले नाही. शेतकरी, बांधकाम ठेकेदार आणि हौशी चालक या सर्वांच्या जीवनात त्याला स्थान आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अशा ट्रकच्या इंजिनात फेरफार करून त्याची शक्ती वाढविण्याचा मोठा व्यवसाय तेथे उभा राहिला. फेरफारानंतर ट्रक डायनॅमोमीटरच्या रोलरवर चढविला जातो, काही सेकंद पूर्ण वेगाने चालविला जातो आणि मालकाच्या हाती एक छापील आलेख पडतो. त्या आलेखाच्या शिखरावरील आकडा हेच फेरफाराचे प्रमाणपत्र मानले जाते. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) व्यापारी गरजेतून जन्मलेले एकक :

अश्वशक्ती हे एकक प्रयोगशाळेपेक्षा बाजारपेठेच्या गरजेतून पुढे आले. बोल्टन आणि वॅट यांची भागीदारी खाणीतील पाणी उपसणाऱ्या इंजिनांसाठी जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग स्वामित्वशुल्क म्हणून घेत असे. परंतु ज्या गिरण्या घोड्यांवर चालत होत्या, तेथे ही तुलना शक्य नव्हती. म्हणून १७८० च्या दशकात जेम्स वॅटने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या आणि १८० पौंडांचा ओढ, असा तो हिशेब सांगितला जातो. त्यातून मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड काम निघते. हीच संख्या पूर्णांकात ३३,००० धरली गेली. आजच्या मापनात ती सुमारे ७४६ वॅट होते. म्हणजेच हा आकडा आरंभापासूनच विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील कराराची भाषा होता.

२) ब्रेकपासून रोलरपर्यंत :

एकक ठरले, तरी फिरत्या दांड्यावर ते मोजायचे कसे, हा प्रश्न होता. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये त्याचे सोपे उत्तर दिले. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे आणि ठोकळ्यांना जोडलेल्या लांब तरफेच्या टोकावर वजन ठेवून ती स्थिर राखायची. तरफेची लांबी आणि टोकावरील बल यांच्या गुणाकारातून टॉर्क मिळतो. टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. उदाहरणार्थ, एक मीटर तरफेवर ५०० न्यूटन बल आणि मिनिटाला २,००० फेरे असतील, तर शक्ती सुमारे १०५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १४० अश्वशक्ती भरते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी हाताळतात तो रोप ब्रेक याच कुळातील होय.

घर्षणाने ठोकळे तापतात, ही प्रोनीच्या पद्धतीची मर्यादा होती. विल्यम फ्राऊड या ब्रिटिश अभियंत्याने १८७७ मध्ये जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याच्या प्रतिरोधावर चालणारा डायनॅमोमीटर तयार केला. पुढे विसाव्या शतकात विद्युतचुंबकीय प्रतिरोधाचा वापर रूढ झाला.

या सर्व साधनांत इंजिन वाहनातून बाहेर काढावे लागे. अखंड यंत्र रोलरवर उभे करून तपासण्याची कल्पना प्रथम रेल्वेच्या क्षेत्रात रुजली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १८९१ मध्ये प्राध्यापक विल्यम गॉस यांनी वाफेच्या इंजिनाची चाके रोलरवर फिरवून चाचणी घेण्याची सोय केली. मोटारींसाठीचा चॅसिस डायनॅमोमीटर हा याच विचाराचा वारसदार म्हणता येईल. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेतही वाहनांच्या उत्सर्जन-चाचणीसाठी तो वापरला जातो.

३) कंपनीचा आकडा आणि ग्राहकाचा आकडा :

अमेरिकन कंपन्या १९७१ पर्यंत प्रामुख्याने 'स्थूल' अश्वशक्ती जाहीर करीत. त्या चाचणीत इंजिनावर एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा इत्यादी भाग नसत. १९७२ पासून हे भाग जोडून मोजलेली 'निव्वळ' शक्ती जाहीर होऊ लागली. परिणामी, कॅडिलॅकच्या एल्डोराडो गाडीचे ८.२ लिटरचे इंजिन १९७१ मध्ये ३६५ अश्वशक्तीचे होते, ते १९७२ मध्ये कागदावर २३५ अश्वशक्तीचे झाले. हा फरक मुख्यतः मोजणीच्या व्याख्येचा होता. २००५ मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने साक्षीदारासमक्ष प्रमाणित चाचणीची पद्धत आणली. त्याच सुमारास नियमांतील पळवाटा बंद झाल्यामुळे टोयोटा कॅम्रीच्या ३ लिटर इंजिनाचा आकडा २१० वरून १९० वर आला.

दरम्यान रोलरचे यंत्र सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले होते. १९९९ मध्ये फोर्डने मस्टँग कोब्रा गाडीसाठी ३२० अश्वशक्तीचा दावा केला, परंतु रोलरवरील चाचण्यांत मालकांना ती शक्ती मिळेना. अखेर कंपनीला विक्री थांबवून विकलेल्या गाड्याही परत बोलवाव्या लागल्या आणि त्यांचे काही भाग बदलून द्यावे लागले. वॅटच्या काळापासून विक्रेत्याच्या हाती असलेले माप या प्रसंगी ग्राहकाच्या हाती आले, हे या घटनेचे महत्त्व होय.

४) फेरफार केलेला पिकअप रोलरवर :

१९८९ मध्ये डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आले. त्याची जाहीर शक्ती केवळ १६० अश्वशक्ती असली, तरी ते मुळात जड कामासाठी बांधलेले होते. त्यामुळे इंधनपुरवठा आणि टर्बोचा दाब वाढवून त्याची शक्ती बरीच वाढविता येई. मात्र अशा ट्रकची मोजणी वाटते तितकी सरळ नाही. तिच्या आड येणाऱ्या तीन बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली बाब म्हणजे मोजणीचे स्थान. रोलरवर चाकापाशी पोहोचलेली शक्ती मोजली जाते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत खर्च झालेली शक्ती त्यात येत नाही. ही तूट पंधरा टक्के धरण्याचा प्रघात आहे; परंतु तो ढोबळ अंदाज असून निसर्गनियम नव्हे. टायरमधील हवा, निवडलेला गिअर आणि तेलाचे तापमान यांनुसार ती बदलते.

दुसरी बाब यंत्राच्या प्रकाराची. काही यंत्रांत ज्ञात वजनाचा जड ड्रम किती वेगाने गती घेतो, यावरून शक्ती काढतात. तर काहींत विद्युतचुंबकीय ब्रेकने भार दिला जातो. टर्बोचा दाब भाराबरोबर वाढतो. त्यामुळे हलक्या ड्रमवर चाचणी क्षणात संपली, तर तो दाब पुरता तयार होत नाही आणि शक्ती कमी दिसते.

तिसरी बाब हवामानाच्या दुरुस्तीची. जुन्या मानकात १५.५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत होते, तर नव्या मानकात २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब गृहीत आहे. केवळ जुने मानक निवडले, तरी आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ३०० अश्वशक्तीवर ही वाढ बारा अश्वशक्तींची होते. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरील शहरात साध्या इंजिनासाठीची दुरुस्ती वीस टक्क्यांच्या आसपास जाते. टर्बो मात्र विरळ हवेची उणीव बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो. त्यामुळे तीच दुरुस्ती टर्बो डिझेलला लावल्यास आकडा अवास्तव फुगतो.

५) आकड्याबाहेर राहिलेली किंमत :

शक्तीच्या आलेखावर धूर दिसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मधील अहवालात असा अंदाज मांडला, की आधीच्या सुमारे दहा वर्षांत ५ लाख ५० हजारांहून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकण्यात आली. त्याचा हवेवरील परिणाम ९० लाखांहून अधिक जादा ट्रक रस्त्यावर आल्यासारखा होता. दुसरीकडे, २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात गाडीतील संगणकच चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करीत असे. रोलरवरील गाडी ही रस्त्यावरील गाडी असतेच असे नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

निष्कर्ष :

१) अश्वशक्तीचा आकडा हा इंजिनाचा अंगभूत गुण नसून स्थान, जोडलेले भाग, यंत्राचा प्रकार आणि दुरुस्तीचे मानक यांवर अवलंबून असलेले विधान आहे.

२) फेरफाराचा परिणाम ठरविण्यासाठी फेरफारापूर्वी आणि नंतर, एकाच यंत्रावर, समान स्थितीत आणि एकाच मानकानुसार घेतलेल्या पुनरावृत्त चाचण्यांची तुलनाच ग्राह्य मानता येते. फेरफारापूर्वीची नोंद नसेल, तर शिखराचा आकडा जाहिरातीपलीकडे फारसे काही सिद्ध करीत नाही.

३) मापनाचे साधन ग्राहकाच्या हाती आल्याने उत्पादकाचा दावा तपासता येऊ लागला, ही या इतिहासातील मोलाची घटना होय. मात्र जे मोजले जात नाही, त्याची किंमत समाजाला चुकवावी लागते. म्हणून शक्तीच्या आलेखाशेजारी उत्सर्जनाचीही नोंद असावी, ही अपेक्षा या विवेचनाअंती रास्त ठरते.